शंभरातले नऊच!

२०२४ सालचा मार्च महिना उजाडला तो लग्नाळू मुलामुलींच्या आईबापांना बुचकळ्यात टाकतच. १ मार्चला, शुक्रवारी, ‘भारत मॅट्रिमनी’, ‘शादी डॉट कॉम’ अशी स्थळं सुचवणारी अ‍ॅप गुगलच्या प्ले स्टोअरवरून एकाएकी गायब होऊ लागली. त्यांच्यासोबत नोकरी शोधून देणारं ‘नोकरी डॉट कॉम’ गेलं, घर शोधून देणारं ‘नाइंटीनाइन एकर्स’ही गेलं. स्थळ, नोकरी आणि घर! मध्यमवर्गीय संसाराचे तीन मोठे प्रश्न सोडवणारी दुकानं एका फटक्यात बाजाराबाहेर!

ज्यांच्या फोनमध्ये ही अ‍ॅप आधीपासून होती, त्यांना फारसं जाणवलं नाही. पण नव्यानं शोधणाऱ्याला ती सापडेनात. त्यांचा गुन्हा काय? गुगलचं म्हणणं असं की, दहा भारतीय कंपन्या आमचा बाजार वापरतात, पण ठरलेलं कमिशन देत नाहीत. हे कमिशन होतं अ‍ॅपमधून होणाऱ्या व्यवहाराच्या ११ ते २६ टक्के. कंपन्या म्हणत होत्या, एवढं देऊन आम्ही खायचं काय? ९ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानं त्यांना अंतरिम दिलासा नाकारला आणि तीन आठवड्यांत अ‍ॅप उतरवली गेली. मग केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी मध्ये पडून बैठक घेतली आणि ५ मार्चला अ‍ॅप तात्पुरती परत चढली.

बातमी जुनी झाली. पण तिच्या पोटातला प्रश्न जुना होत नाही. बाजार ज्याचा आहे, त्यानं तिथं माल विकणाऱ्याकडून घ्यावं किती? आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. मार्केट यार्डातून गावी परतताना त्याच्या हातात जी पट्टी पडायची, तिच्यावर आधी मालाची रक्कम, खाली अडत, हमाली, तोलाई आणि सगळ्यात शेवटी उरलेली रक्कम लिहिलेली असायची. शेवटचा आकडा वाचताना त्याचा चेहरा कसा व्हायचा, ते यार्डात उभं राहिलेल्या प्रत्येकानं पाहिलंय. मोबाइलसाठी सॉफ्टवेअर बनवणारा आजचा तरुणही असाच पट्टी बघत बसतो. फरक एवढाच, की त्याचं यार्ड परदेशात असतं.

या प्रश्नाला एका कंपनीनं १९९९ सालीच उत्तर देऊन ठेवलं होतं. ‘शंभरातले नऊ!’ ती कंपनी जपानची, एनटीटी डोकोमो. आपल्याकडे हे नाव २००९ साली ‘टाटा डोकोमो’मुळे घरोघरी पोचलं. ‘सेकंदाला एक पैसा’ हा हिशेब लावून तिनं भल्याभल्यांना दर उतरवायला लावले होते. पण डोकोमोचा खरा पराक्रम त्याच्या दहा वर्षं आधीचा. त्याचं नाव आय-मोड.

मासिकाची संपादक टेलिफोन कंपनीत

गोष्ट सुरू होते जानेवारी १९९७ मध्ये. डोकोमोचा धंदा तेव्हा जोरात होता. तरीही अध्यक्ष कोजी ओबोशी यांना पुढची चिंता लागली होती. बोलण्यासाठी फोन घेणारी माणसं शेवटी किती? प्रत्येकाच्या हातात फोन आला की वाढ थांबणार. मग फोनवर बोलण्याव्यतिरिक्त काय करता येईल? हे शोधायची कामगिरी त्यांनी कीइची एनोकी या अधिकाऱ्यावर सोपवली.

एनोकींनी आधी माणसं जमवली. पहिली निवड मारी मात्सुनागा या बाईंची. त्यांना ना इंजिनिअरिंगचा गंध, ना यंत्रांचं वेड! त्या होत्या संपादक. रिक्रूट या प्रकाशन कंपनीत नोकरीच्या जाहिराती छापणारी मासिकं त्या चालवायच्या. वाचकाला काय हवं असतं, किती शब्दांत हवं असतं आणि कशाचा कंटाळा येतो, एवढंच त्यांना ठाऊक. पण तेच तर हवं होतं! हॉटेलात पाहुण्यांची सगळी सोय लावून देणारा माणूस असतो ना, तसा एक माणूस प्रत्येकाच्या खिशात असावा, अशी त्यांची कल्पना.

मात्सुनागांनी आणखी एकाला ओढून आणलं, ताकेशी नात्सुनो. जाहिरातींच्या पैशावर लोकांना फुकट इंटरनेट द्यायच्या एका कंपनीत हा तरुण होता. ती कंपनी बुडाली. ठेच लागलेला माणूस वाट नीट बघून चालतो. धंद्यात पैसा कुठून येतो आणि कुठं अडतो, हे नात्सुनोला पुरतं कळलं होतं. आय-मोडचा सगळा हिशेब त्यानंच मांडला.

तेव्हाची टेलिफोन कंपन्यांची रीत अशी होती, की बातम्या, हवामान, राशिभविष्य बनवणाऱ्यांकडून माल घाऊक दरानं विकत घ्यायचा आणि आपल्या नावानं ग्राहकाला विकायचा. म्हणजे बाजार आपला, दुकानही आपलं आणि भावही आपणच ठरवणार! नात्सुनो म्हणाला, हे नको. विकत घेतलेला माल शिळा होतो. एकदा पैसे मिळाले की बनवणाऱ्याला तो ताजा ठेवायची गरज उरत नाही. त्यापेक्षा आपण फक्त बाजार बांधू. दुकानं ज्याची त्यानं मांडावीत, कमाईही ज्याची त्यानं न्यावी.

बाजार बांधायचा म्हणजे काय?

‘आम्ही भागीदार आहोत’ असं मोठ्या कंपन्या येता-जाता म्हणत असतात. डोकोमोनं ते चार गोष्टींत करून दाखवलं.

पहिली गोष्ट भाषा. फोनच्या चिमुकल्या पडद्यासाठी पानं कोणत्या भाषेत लिहायची? इंटरनेटची पानं एचटीएमएल या भाषेत लिहिली जात. तिचीच एक आटोपशीर आवृत्ती अ‍ॅक्सेस या छोट्या जपानी कंपनीनं तयार केली होती. डोकोमोनं तीच उचलली. त्यामुळे ज्याला साधं वेबपान बनवता येत होतं, त्याला फोनसाठीही बनवता येऊ लागलं. वेगळं शिक्षण नको, वेगळं यंत्र नको. डोकोमोची परवानगी न घेताही कुणीही पान बनवू शकत होता आणि पत्ता टाइप केला की ते कुणाच्याही फोनवर उघडत होतं. अशी स्वतंत्र पानं हजारोंनी निघाली.

दुसरी गोष्ट फोन. फुजित्सु, मित्सुबिशी, एनईसी, पॅनासॉनिक अशा कंपन्यांकडून डोकोमोनं एकाच नमुन्याचे फोन बनवून घेतले. पडद्याच्या खाली एक खास बटण. ते दाबलं की बाजार उघडला! पान बनवणाऱ्याला दहा फोनसाठी दहा वेळा डोकं खाजवावं लागलं नाही.

तिसरी गोष्ट फळी. डोकोमोनं मान्य केलेल्या दुकानांची यादी फोनमध्येच दिसे. त्या यादीत वरचं स्थान लोकांच्या वापरावर ठरायचं. माल ताजा हवा, खोलवर हवा, माणूस पुन्हा पुन्हा यावा आणि त्याचा उघड फायदा व्हावा, या चार कसोट्या होत्या.

चौथी गोष्ट वसुली, आणि सगळ्यात मोलाची हीच. महिन्याला शंभर-दोनशे येन मागणाऱ्या छोट्या दुकानदारानं लाखो गिऱ्हाइकांकडून ते गोळा करायचे कसे? बिलं पाठवण्यातच तो बुडायचा. डोकोमो म्हणाली, आम्ही फोनचं बिल पाठवतोच, त्यात तुमचेही पैसे लावू. वसूल करून तुमच्या हाती देऊ. या कामाचे शंभरातले नऊ आमचे, एक्क्याण्णव तुमचे!

नऊ घेऊन परवडलं कसं?

हा काही दानधर्म नव्हता. गोम निराळीच होती. आय-मोडवर जोडून राहायला मिनिटांचे पैसे पडत नसत. जेवढा मजकूर येईल-जाईल, तेवढाच आकार. १२८ बाइटच्या एका पुडक्याला ०.३ येन. शिवाय महिन्याला ३०० येन वर्गणी. म्हणजे दुकानदाराचा धंदा वाढला की पानं जास्त उघडली जाणार, पुडकी जास्त वाहणार आणि डोकोमोची कमाई आपोआप वाढणार. दुसऱ्याच्या ताटातला घास उचलण्याऐवजी त्याचं पोट भरलं की आपलंही भरेल, अशी ती मांडणी. भागीदारी टिकते ती अशाच ठिकाणी.

२२ फेब्रुवारी १९९९ला आय-मोड सुरू झालं, तेव्हा ६७ कंपन्या सोबत होत्या. त्यांत बँका बऱ्याच होत्या आणि ते मुद्दाम केलेलं होतं. बँक आली की बाजाराची पत वाढते, मग बाकीचे येतात. खात्यातली शिल्लक बघा, पैसे पाठवा, विमानाचं आरक्षण करा, असं जाहिरातीत सांगितलं. ‘इंटरनेट’ हा शब्द मात्र टाळला. लोकांना यंत्राचं कौतुक नसतं, काम होण्याचं असतं, हे संपादकबाईंना पक्कं माहीत!

वेग होता सेकंदाला अवघा ९,६०० बिट. आजच्या मुलांना हसू येईल. पण ऑगस्ट १९९९ मध्ये १० लाख ग्राहक झाले, ऑगस्ट २००० मध्ये एक कोटी आणि मार्च २००१ मध्ये दोन कोटी! खेळणी बनवणाऱ्या बंदाई कंपनीनं तर कमालच केली. महिन्याला १०० येन घ्यायचे आणि रोज फोनवर एक नवं कार्टूनचं चित्र पाठवायचं. एवढ्यावर लाखो ग्राहक! शंभरातले एक्क्याण्णव येन थेट बंदाईच्या खिशात. मोठ्या माणसांनी नाकं मुरडली, पण छोट्या रकमांचा मोठा धंदा होतो, हे त्या चित्रांनी सिद्ध केलं.

जानेवारी २००१ पासून पानांच्या पुढचं पाऊल पडलं. जावा भाषेत लिहिलेले छोटे कार्यक्रम फोनवर उतरवून घ्यायची सोय झाली. आज आपण ज्याला अ‍ॅप म्हणतो, त्याचाच हा पूर्वज. जाता जाता आणखी एक. आपल्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आत्या-मावश्या ज्या हसऱ्या, रडक्या चेहऱ्यांचा पाऊस पाडतात, त्या इमोजींचं एक मूळ घराणंही हेच. शिगेताका कुरिता या डोकोमोच्या तरुणानं आय-मोडसाठी १७६ चित्रं काढली होती. प्रत्येक चित्र आडवे बारा आणि उभे बारा ठिपके, बस्स! न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं २०१६ साली ती आपल्या संग्रहात घेतली.

जिथं घास ओढला गेला...

त्याच सुमाराला युरोपातही फोनवर इंटरनेट आलं होतं. त्याचं नाव वॅप. मागे एरिक्सन, मोटोरोला, नोकिया यांसारखी मातब्बर मंडळी. तरी ते आपटलं. पान उघडताना फोन लावावा लागे आणि मिनिटांचं मीटर पळत राही. पानं लिहायला वेगळी भाषा शिकावी लागे. आणि मुख्य म्हणजे, पानं बनवणाऱ्याला पैसे कसे मिळणार याची धड सोयच नव्हती! मग तो कशाला मरमर मरेल? दुकानात माल नाही म्हणून गिऱ्हाईक नाही आणि गिऱ्हाईक नाही म्हणून माल नाही.

आणि आपल्याकडे? भारतात मोबाइल आला १९९५ साली. पुढच्या दशकात क्रिकेटचा स्कोअर, विनोद, भविष्य, कॉलर ट्यून असा बाजार इथंही भरला. पण इथं सिंहाचा वाटा फोन कंपन्यांकडे राहायचा आणि माल बनवणाऱ्यांच्या वाट्याला उरलंसुरलं यायचं, ही त्या धंद्यातल्यांची कायमची तक्रार होती. मग पोट भरण्यासाठी काहींनी आडवाट धरली. आठवतंय ना? रिचार्ज मारावं आणि दोन दिवसांत तीस रुपये गायब! चौकशी केली की उत्तर मिळे, ‘तुम्ही भविष्याची सेवा सुरू केलीय.’ ज्यांना मेसेज वाचता येत नाही अशा आजीच्या फोनवरही ‘सेवा’ सुरू! शेवटी जुलै २०१३ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ‘ट्राय’नं नियम आवळला. ग्राहकानं दोनदा होकार दिल्याशिवाय अशी सेवा सुरू करायची नाही. तोवर लोकांचा विश्वास उडाला होता. विश्वास उडालेल्या बाजारात प्रामाणिक दुकानदारही उपाशी मरतो.

डोकोमोचंही पाऊल घसरलं

मग डोकोमो म्हणजे रामराज्य होतं का? मुळीच नाही. पुडक्यांच्या हिशेबानं तरुण पोरांची बिलं एवढी फुगायची, की जपानी भाषेत त्यासाठी ‘पुडक्यांनी मेलो’ अशा अर्थाचा शब्दच रुळला. अखेर जून २००४ मध्ये महिन्याला ३,९०० येनात हवं तेवढं वापरा, अशी योजना आणावी लागली. नको असलेल्या मेलच्या लोंढ्यानंही ग्राहक हैराण झाले. २००२ साली जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये आय-मोड नेलं, पण जपानातला रंग तिथं चढला नाही.

खरा फटका बसला २००८ साली. त्या जुलैत अ‍ॅपल कंपनीनं अ‍ॅप स्टोअर उघडलं. हिशेब होता ७० तुमचे, ३० आमचे. तीस म्हणजे नवाच्या तिपटीहून जास्त. तरी सॉफ्टवेअर बनवणारे तिकडेच धावले! कारण डोकोमोचा बाजार जपानच्या वेशीपाशी संपत होता आणि हा जगभर भरत होता. शिवाय जपानबाहेरच्या फोन कंपन्यांच्या मानानं सत्तर टक्के हातात पडणं ही तेव्हा चैनच वाटली. डोकोमो मात्र आपल्याच कुंपणात रमली. आयफोन विकायला तिनं सप्टेंबर २०१३ उजाडू दिला. २०१९ साली आय-मोडची नवी नोंदणी थांबली आणि ३१ मार्च २०२६ हा सेवेचा शेवटचा दिवस ठरवला गेला. कमी अडत घेतली म्हणून बाजार अमर होत नाही. गावाबाहेर मोठा रस्ता झाला की बाजारानंही उठून तिकडे जावं लागतं.

तीस आणि शून्य

पण पुढं गंमत बघा. २००८ साली जो तीसचा आकडा उदार वाटला, तोच दहा-बारा वर्षांत जाचक वाटू लागला. कारण तोवर जगभर दोनच मोठे दरवाजे उरले होते, अ‍ॅपलचा आणि गुगलचा. दुसरीकडे जायची सोय असेल तर तीसही चालतात. ती नसेल तर पंधराही बोचतात! २०२० साली एपिक गेम्स या कंपनीनं अमेरिकेत दोघांनाही कोर्टात खेचलं. अ‍ॅपलनं जानेवारी २०२१ पासून छोट्या विकसकांसाठी कमिशन १५ टक्क्यांवर आणलं. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगानं प्ले स्टोअरवरच्या पैसे घेण्याच्या पद्धतीबद्दल गुगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणानं तो २१६.६९ कोटींवर आणला.

गुगलची बाजूही ऐकली पाहिजे. बाजार उभारायला, त्यात चोर-भामटे शिरू न द्यायला खर्च येतो. आणि भारतातल्या दोन लाखांहून अधिक विकसकांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनाच शुल्क द्यावं लागतं, असं गुगलनं मार्च २०२४ मध्ये सांगितलं होतं. हे खरं मानलं, तरी त्या तीन टक्क्यांत स्थळं जुळवणारे आणि नोकऱ्या शोधून देणारेच बसतात. म्हणजे ज्यांनी बाजारात गर्दी आणली, त्यांच्याच मानेवर जोखड!

मग कमिशन शून्यच करून टाकावं का? तोही प्रयोग आपल्याच देशात झालाय. एप्रिल २०१६ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं मुंबईतून यूपीआय सुरू केलं. बँकांच्या खात्यांवर कुणाचंही अ‍ॅप जोडता येईल, अशी ती खुली व्यवस्था. आज भाजीवालीच्या टोपलीपाशीही तो चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटलेला दिसतो, हे तिचं यश. जानेवारी २०२० मध्ये दुकानदाराकडून घ्यायचं शुल्क शून्यावर आणलं गेलं. भाजीवालीला ते फारच सोयीचं झालं. पण अ‍ॅप चालवणाऱ्यानं जगायचं कशावर? सरकारनं २०२४-२५ या वर्षासाठी छोट्या व्यवहारांपोटी सुमारे १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. तरीही या मैदानात टिकले ते ज्यांच्या पाठीशी मोठं भांडवल होतं तेच. बहुतेक व्यवहार दोन अ‍ॅपकडेच एकवटले. शून्याच्या बाजारात गिऱ्हाईक सुखी असतं, पण छोटा दुकानदार उभाच राहू शकत नाही.

म्हणून तीसही नको आणि शून्यही नको. डोकोमोच्या नऊ या आकड्यात काही जादू नव्हती. जादू होती ती त्यामागच्या विचारात. वसुली करून देण्याच्या कामाचा रास्त मोबदला घ्यायचा आणि आपली मोठी कमाई समोरच्याच्या भरभराटीतून येऊ द्यायची. पुण्या-नाशकात दोन खोल्यांच्या जागेत बसून कुणी शेतकऱ्यासाठी, कुणी किराणा दुकानदारासाठी, कुणी शाळेच्या रिक्षावाल्यासाठी अ‍ॅप लिहीत असेल. त्याच्या अकलेला बाजार मिळावा, यासाठी कुणाचा तरी आधार त्याला लागणारच. तो आधार की सापळा, हे पट्टीवरचा शेवटचा आकडा सांगतो. तुम्ही-आम्हीही फोनवर शंभर रुपये भरताना एकदा विचारावं, यातले बनवणाऱ्याच्या हाती किती पडणार?

शेवटी गोष्ट लग्नापासून सुरू झाली, तर लग्नापाशीच संपवू. आपल्याकडे सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थाला मांडवात मान असतो. त्याला टॉवेल-टोपी मिळते, आहेर मिळतो, पहिल्या पंगतीचं ताटही मिळतं. ते त्यानं खुशाल घ्यावं. मध्यस्थ म्हणून मिरवायचं असेल, तर आहेर घ्यावा. हुंडा मागू नये!